रफीकभाईचे चार ईमेल

तुमी हासता, पन अकोटच्या रफीकभाईनं एकट्यासाठी चार ईमेल घेतले होते. जिनिंग मशिनीच्या पार्टचं त्याचं दुकान. कापूस बुडला, गिऱ्हाईक घटलं, अन् अमरावतीचा ईमेल इकनारा कंपनीवाला त्याले पटवून गेला. विक्रीचा येगळा, हिशोबाचा येगळा, चौकशीचा येगळा, तक्रारीचा येगळा. दुकानात मानूस एकच!

मले कुठं लिहिता येते? नेट कॅफेतल्या पोरीकून मी तक्रारीच्या ईमेलवर लिहून धाडलं, "तुमच्या दुकानात चहा भेटत नाही." मंग रोज जाऊन बसलो. ना चहा, ना जवाब.

कंपनीवाला ईमेलचं सालाचं भाडं मांगाले आला, तवा मी म्हनलं, "रफीकभाई, पैसे द्यायच्या आंधी तक्रारी तं पाहा."

पाह्यल्या. वर माही, खाली तेल्हाऱ्याच्या जिनवाल्याची. "ऑर्डर देली, जवाब काहून देत नाही?"

रफीकभाईनं तिथूनच फोन लावला, माफी मांगली, कशीबशी ऑर्डर वाचवली. मंग कंपनीवाल्याले म्हने, "बाबू, एकच ठेव, सस्तावाला. सारं त्याच्यातच येऊ दे."

"अन् तक्रारी कुठं घेसान, चाचा?"

रफीकभाईनं माह्याकडे बोट केलं. "तक्रारवाला तं रोज इथंच बसून राह्यते. याले आंधी चहा पाजू दे."