भिंतीवरची लाटव्हियन

...नाही, पण मला सांगा, बहिणीनं शब्द मागितले आणि भावानं दिले, यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काय आहे? शब्द खोटे होते, मान्य. सगळेच खोटे होते, तेही मान्य. चुकलंच त्याचं, मी कुठं नाही म्हणतोय? पण माणूस कशात अडकतो ते कुणी बघतच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो...

आमचा चष्मेवाला. खोलीभर दुकान, एक आरसा, एक उंच खुर्ची, आणि भिंतीवर डोळे तपासायचा तो इंग्रजी अक्षरांचा तक्ता... वर मोठ्ठा ई, आणि खाली अक्षरं बारीक होत होत मुंगीएवढी. माणूस सोन्यासारखा, जीभ तेवढी मोकाट. तरुणपणी एका लाटव्हियन कारागिराच्या हाताखाली भिंगं घासली, त्याची भाषा मला पाण्यासारखी येते, असं वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला. कोण तपासायला येतंय? पण नशीब कसं असतं बघा, याच्या भाच्यानं लग्न केलं ते नेमकं लाटव्हियन मुलीशी. तेही निभावलं असतं हो... पण सुनेचे दिवस भरत आले आणि अक्का, म्हणजे याची थोरली बहीण, बाळंतपणाला तिकडे जायला निघाली.

अक्का वही घेऊन दुकानात हजर. "विहीणबाईंपुढे काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसू? नमस्कार, धन्यवाद, माफ करा, एवढं तरी शिकव. तुला येतं ना?"

नाही येत. दोन शब्द म्हणायचे होते. दोनच. पण दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, त्यात मी एक, आणि अक्का आमच्याकडे अशी बघत होती, की बघा, माझा भाऊ... याची नजर भिरभिरायला लागली, आणि भिरभिरून भिरभिरून थांबली कुठे? तक्त्यावर. अक्काची पाठ तिकडे. तिसरी ओळ, टी, ओ, झेड. "नमस्कार म्हणजे... तोझ." अक्कानं लिहून घेतलं. चौथी ओळ. "धन्यवाद, लपेद." पाचवी. "माफ करा, पेकफद."

"आणि समोरचा माफ करा म्हणाला, तर काही हरकत नाही असं कसं म्हणायचं?"

हा थेट सातव्या ओळीवर. "फेलोपझद."

"अगंबाई, जीभ वळत नाही रे."

"भाषाच अवघड आहे अक्का. मला सहा महिने लागले."

सहा महिने! चुकलंच त्याचं, मी कुठं नाही म्हणतोय? पण त्याला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. अक्का विसरते? भाजी निवडताना लपेद, कपड्यांच्या घड्या घालताना पेकफद, रोज सकाळी याला फोन, "तोझ! बरोबर म्हटलं ना?" हा म्हणायचा, अगदी बरोबर. रोज ठरवायचा, आज सांगतो. निघायच्या दिवशी तर बॅग उचलताना म्हणालासुद्धा, "अक्का, ते शब्द..." आणि ती काय म्हणाली? "तुझ्यामुळे माझी भीती गेली रे." आता यावर कुठल्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्याच दिवशी भाच्याचा फोन. "मामा, आई माझ्या सासूला तोझ म्हणाली."

"मग?"

"सासूला वाटलं, ही मराठी. तिनंही हात जोडून तोझ म्हटलं. आईला वाटलं, बघा, कळलं. आता दोघी सकाळपासून एकमेकींना लपेद लपेद करतायत. इतक्या खूश आहेत की माझ्यानं सांगवत नाही. मामा, घाण तुम्ही केलीत, तुम्हीच निस्तरा."

मग हा खरे शब्द शिकायला बसला. भाच्याकडून. भिंग घासता घासता, लाब्दिएन म्हणजे नमस्कार, पाल्दिएस म्हणजे धन्यवाद, आत्वाइनुओयेत म्हणजे माफ करा... किती दिवस लागले असतील? चार. अहो, चार दिवसांचं काम होतं, आणि अक्का तीन आठवडे वही घेऊन बसली होती! हे त्याला फार लागलं. जेवेना. गिऱ्हाइकाला जवळचा चष्मा लांबचा म्हणून देऊन बसला. आणि तरी सांगितलं का? नाही.

शेवटी अक्काचाच फोन. "अरे, इथले लोक किती सभ्य! विहीणबाई मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सुई ओवता येत नव्हती ना मला. तर दवाखान्यात भिंतीवर नमस्कार, धन्यवाद, माफ करा, सगळं ओळीनं लिहून ठेवलेलं! डॉक्टर म्हणाला, वाचा. मला वरचं तोझ कसंबसं दिसलं, पण खालचं काय, पाठच होतं की. धाडधाड म्हटलं, पार फेलोपझदपर्यंत. डॉक्टरनं माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, या वयात अशी नजर बघितली नाही. चष्मा नको म्हणे."

"अक्का... तुला खरंच दिसतं का?"

"कुठलं दिसतंय? पण डॉक्टर म्हणतोय तर असेल. बरं ठेवते, बाळाला औषधाचे थेंब मोजून द्यायचेत. माझ्याशिवाय कुणाच्या हातून घेत नाही ते."

याच्या पायाखालची जमीन सरकली. "अक्का, थेंब ठेव खाली," म्हणाला, "आधी ऐक." आणि सगळं सांगितलं. तक्ता, कारागीर, वीस वर्षं. "पुन्हा डोळे तपासून घे, आणि पाठ म्हणू नकोस, दिसेल तेवढंच सांग." शेवटी म्हणाला, "आत्वाइनुओयेत, अक्का."

"हे काय?"

"माफ कर. हे मात्र खरं आहे."

मग अक्का म्हणाली, "मेल्या, लहानपणी तुझी नाकं पुसली, त्याचं हे फळ. चष्मा मी करून घेते. पण विहीणबाईंना अवाक्षर कळता कामा नये. बिचारीनं मराठी म्हणून बाळाच्या टोपीवर तोझ विणलंय. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येतेय. तोवर तू, तुझी बायको, शेजारीपाजारी, सगळ्यांनी पाठ करून ठेवा. आणि तिला तुझं दुकान बघायचंय."

चुकलंच त्याचं, मी कुठं नाही म्हणतोय? पण शिक्षा बघा. आमची सगळी गल्ली सध्या एकमेकांना तोझ म्हणत हिंडतेय, मीसुद्धा. आणि विहीणबाईंच्या नजरेस पडायला नको म्हणून तक्ता त्यानं उतरवून माळ्यावर टाकलाय. आता गिऱ्हाईक उंच खुर्चीवर बसतं, हा एक डोळा झाकतो आणि विचारतो, "समोर काय दिसतंय?"

"भिंत."

"फेलोपझद," म्हणतो, आणि दुसरा डोळा झाकतो.