हिराने नीट केलेली ज्योत

चहा निवेपर्यंत आमच्या हिराचा पराक्रम ऐका. आमची नात मनीषा डहाणू रोडच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला बर्नर घेऊन उभी होती. पहिली आली तर जिल्ह्याला जाणार, म्हणून मी आणि हिरा, आम्ही नवराबायको, धाकटी डहाणू गावाहून हजर.

मनीषा परीक्षकांना नमस्कार करायला वळली. इकडे बर्नरची ज्योत पिवळी, डुलणारी. मी हिराला डिवचलं, "बघ, नातीचा गॅस बिघडलाय. भांडी काळी करणार."

"अगो बाय, पोरीची लाज जाईल!" म्हणत तिनं बर्नरची खालची कडी फिरवली. फुस्स आवाज झाला आणि खिडकीच्या उन्हात ज्योत दिसेनाशीच झाली.

"अहो, विझली काय?"

"मला काय विचारतेस? मी सातवी नापास!"

"बर्नर बंद का?" म्हणत परीक्षकांनी बर्नरच्या वर हात नेला.

"सर, हात नको!" फिरलेली कडी बघून मनीषा ओरडली. आजीच्या पिशवीतला सुका बोंबील तिनं चिमट्यानं बर्नरवर धरला. तो चर्रकन पेटला.

"निळी ज्योत जास्त तापते, पण उन्हात दिसत नाही. म्हणून काम नसताना कडीनं हवेचं भोक बंद करून ज्योत पिवळी ठेवायची, सर."

"मग पिवळी घरात वाईट आणि इथं चांगली?" हिरा गोंधळली. मीही.

"आणखी काय काळजी घ्यायची?" परीक्षकांनी विचारलं.

"केस बांधायचे, ओढणी खोचायची, आणि आजी-आजोबांना दाराबाहेर बसवायचं."

नंबर पहिला आला. जिल्ह्याला आम्हाला नेलं नाही. बोंबील मात्र आजीकडून मागून नेला.