आजोळचं आडनाव

आमच्या यमूआत्याने मला परवा कसं गप्प केलं, ते ऐका. आत्या चौऱ्याण्णव वर्षांची. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होता. तो परतला नाही आणि घरी पत्रही आलं नाही, म्हणून नातेवाइकांनी 'पळून गेला' असं ठरवूनच टाकलं.

निवृत्त झाल्यावर मी दोन वर्षं कॉम्प्युटरवर युद्धात मारल्या गेलेल्यांच्या याद्या धुंडाळल्या. काकांचं नाव कुठेच सापडेना. शेवटी कोथरूडला जाऊन आत्याला म्हटलं, "हरलो."

"आडनाव कोणतं टाकत होतास?"

"आपलंच की!"

"अरे, तो वडिलांशी भांडून गेला होता. आपलं कशाला लावेल? आमच्या आजोळचं टाक."

मी तिथेच मोबाइलवर टाकलं. मिनिटभरात काका सापडले. नाव, गाव, सगळं जुळलं. बाविसाव्या वर्षी कामावर असताना गेले. इंफाळच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे.

आत्याने ते तीनदा मोठ्याने वाचलं, डोळे पुसले आणि एकेका नातेवाइकाला फोन लावून पुन्हा वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलंस कधी? दोन वर्षं त्या कॉम्प्युटरलाच विचारत होतास!"