रेघेखालचा ठिपका

(न्यू मेक्सिको. स्वयंपाकघरात एलिसिओ आणि त्याची मुलगी ग्रासिएला भाजलेल्या हिरव्या मिरच्या सोलत बसले आहेत.)

एलिसिओ : कालची गोळी डबीत तशीच दिसली, की लगेच डॉक्टरीणबाईंना फोन? आधी बापाला विचारायचं.

ग्रासिएला : विचारते. का नाही घेतलीत?

एलिसिओ : कशाला घेऊ? सुरुवातीला विषाणू धाडकन उतरले. आता बघ, गोगलगाय बरी. औषध थकलंय.

ग्रासिएला : थकलेलं नाही, बाबा. विषाणू असेच उतरतात. मी ऑफिसात दुसरं काय करते? रुग्णांच्या रक्तातले आकडे बघायचे, पुढे काय होईल त्याचं गणित मांडायचं.

एलिसिओ : मग सांग मला. फळ्यावरचं नको.

ग्रासिएला : तुम्ही पाटाचं दार बंद केलंत की पाट किती वेळात आटतो?

एलिसिओ : लगेच.

ग्रासिएला : आणि वावर?

एलिसिओ : वावराला वेळ लागतो. चिकणमाती असली तर विचारूच नको.

ग्रासिएला : गोळीनं दार लावलंय. नवे विषाणू जवळपास थांबले, रक्तातले होते ते झटक्यात गेले. पण यकृतातल्या ज्या पेशींना लागण झालीय, त्या आपल्या सवडीनं मरणार. तोवर दार लावलेलंच हवं. काल तुम्ही ते किलकिलं केलंत.

एलिसिओ : हं.

ग्रासिएला : मुळात मला सांगितलंत कधी, तर यंदा. त्या जुन्या अपघातात रक्त चढवलं, त्यातून हे आलं. मी याच विषाणूवर काम करते, माहीत होतं तुम्हाला.

एलिसिओ : म्हणूनच. जेवताना किती रंगून बोलायचीस त्या आलेखातल्या ठिपक्यांबद्दल. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, पण नाव नाही, गाव नाही. म्हटलं, त्यात बाप निघाला तर पोरीचा हात चालायचा नाही.

ग्रासिएला : चालला. सकाळीच तुमचे आकडे घातले.

एलिसिओ : मग? आहे का मी तुझ्या गणितानं आखलेल्या रेघेवर?

ग्रासिएला : नाही. रेघेच्या खाली. मी धरलं होतं त्यापेक्षा तुमच्या लागण झालेल्या पेशी लवकर मरतायत.

एलिसिओ : म्हणजे तुझं गणित चुकलं.

ग्रासिएला : चुकलं. आणि मी दिवसभर खुशीत आहे.

एलिसिओ : एवढं शिकवून हे. बरं, बाई काय म्हणाल्या?

ग्रासिएला : आजची घ्या, रोज घ्या. कालची भरपाई म्हणून दोन एकदम नाही.

एलिसिओ : पाणी दे मग. आणि ती मिरची इकडे आण, अर्धी सालं तशीच ठेवलीयेस.