खापऱ्यांचा खेळ

नाही, नाही, खेळच होता, मी कुठं काय म्हणतोय — बसा पुष्करराव, टेकून बसा, माफी मागायला घरी आलाय म्हणजे उभ्याउभ्या जाता येत नाही. प्राचीन ग्रीसवर पीएच.डी. करताय, इथं कोलोनच्या युनिव्हर्सिटीत, हो, चांगलंच आहे, मंडळाला कौतुक आहे तुमचं. गणपतीत मीच म्हटलं ना, आरतीनंतर काहीतरी माहितीपर होऊ द्या, नाट्यगीतं किती ऐकायची. मला वाटलं, स्लाइड्स दाखवाल. तर तुम्ही पिशवीतून काढल्या फुटक्या कुंडीच्या खापऱ्या. म्हणे अथेन्समध्ये लोकशाही अशीच रुजली — एखादा माणूस डोईजड झाला की लोकांनी खापरीवर त्याचं नाव लिहायचं, ज्याचं नाव जास्त खापऱ्यांवर, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. गुन्हा नाही, खटला नाही, घरदार जप्त नाही. आणि लगेच म्हणे, चला, आपल्या मंडळात खेळून बघू. आता आपल्या मंडळात डोईजड व्हायला आहे कोण? अध्यक्ष एकच, शशिधर. म्हणजे मी.

तुम्हाला सुचवलं कुणी हे? सहज विचारतो. विलासनं? नाही, उपाध्यक्ष आहे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, ते मला दिसतं. रविवारी वार्षिक सभा आणि बरोबर त्याच्या आधी हा खेळ — योगायोग म्हणायचा का? आल्झो, बरं, म्हणू या. एकोणीस वर्षं मी बिनविरोध निवडून येतोय, पुष्करराव. बिनविरोध. सभेत मी विचारतो, कुणाला उभं राहायचंय का — सगळे खाली बघतात, मग कुंदा म्हणते, तुम्हीच असू द्या, की टाळ्या, की बटाटेवडे. कधी हात वर करायचीसुद्धा वेळ आली नाही. आणि त्याच कुंदानं माझं नाव लिहिलंय. तिचं अक्षर मी ओळखतो. हो, आणल्या ना घरी खापऱ्या, हॉल स्वच्छ करून द्यायचा होता, कुठं टाकणार?

आणि तुमचे ते ग्रीक — तुम्हीच सांगितलंत — बायकांना मत नाही, गुलामांना नाही, बाहेरून येऊन राहिलेल्यांना नाही. गेनाऊ, अगदी बरोबर. बाहेरून आलेला म्हणजे मीच की. उभा जन्म इथल्या कारखान्यात गेला, टॅक्स भरला, पण पासपोर्ट भारताचा, म्हणून इथं मत नाही, आणि सांगलीला यादीतून नाव कधीच गेलं. एक मंडळ आहे, तिथं चार माणसं विचारतात, शशिधरकाका, कसं करायचं? तेही गेलं तर फोन वाजायचा नाही हो माझा. भीती वाटते त्याची. ते असो. माझा मुद्दा वेगळा — अथेन्समध्ये बायकांच्या हातात खापरी नव्हती, मग तुम्ही आमच्याकडे बायकांना का दिलीत? मुद्दाम?

मला पाठिंबा नाही असं समजू नका. माझी बायको प्रमोदिनीच घ्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तरी यंदाही सगळ्या हॉलचे मोदक तिनंच उकडले, ओट्याला टेकून टेकून. एक शब्द नाही. मुलगी बर्लिनला, नात पावलं टाकायला लागली, कुहू — हिनं काय, फोटोतच बघितली जास्त, कारण सुट्टीच्या दिवशी मंडळाचं काही ना काही असतंच. कधी म्हणाली का, की चला? नाही. म्हणत नाही म्हणजे तक्रार नाही, हो की नाही?

आता ही बघा. ही खापरी बाद. हिच्यावर नावच नाही — ‘आमचे हे’, एवढंच. ‘आमचे हे’ म्हणजे कुणाचे कोण? बाद ना? तुमच्या ग्रीकांचा काय नियम होता? आपल्या मंडळातल्या मुली तर नवऱ्याला अरे-तुरे करतात. जुन्या वळणाची म्हणजे… इथं आलो तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी हिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिनं माझा पासपोर्ट पुढं सरकवला. तोंडातून नाव काढलं नाही, आजतागायत नाही. पण म्हणून काय झालं, चारुलताबाईही तशाच आहेत, त्यांच्या यजमानांचं — हो, ते वारले. लक्षात आहे माझ्या.

हळू बोला. चहा आणतेय ती. द्या इकडे ती खापरी.

ये गं. काही नाही, परवाच्या त्या खेळाचं चाललंय. तू लिहिलंस का गं कुणाचं नाव? नाही, सहज विचारतोय…

प्रमोदिनी. म्हणजे ही खापरी तुझीच.

…अगं, ट्रे तरी खाली ठेव.

बरं. पुष्कर, तू नीघ आता. विलासला सांग, रविवारी माझी वाट बघू नका. चहा परत कधीतरी. जाताना दार तेवढं ओढून घे.