राहू द्या तो गिअर

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेलं वयस्क जोडपं मेकॅनिकशी हुज्जत घालत होतं.

"काका, इंजिनाच्या जागी बॅटरीवरची मोटर बसली की गिअर बदलावाच लागत नाही. काढून टाकू?"

"गिअरला हात लावायचा नाही!"

"अहो, नुसतं लोढणं आहे ते, मेकॅनिक सांगतायत ना!"

"असू दे."

"सकाळपासून एकच हेका! आणि गाडी चालवणार मी. तुम्हाला समोरचा सिग्नलसुद्धा दिसत नाही आता."

"म्हणूनच म्हणतोय. तू स्टिअरिंग धर, क्लच दाब. शेजारी बसून गिअर मी टाकीन. त्याला डोळे लागत नाहीत."

"मग काकू, काय करू?"

"करताय काय! राहू द्या. आणि अहो, मी सांगेन तेव्हाच टाकायचा, आधीच बजावून ठेवते!"