फरशीची पावडर

सुलू : परत आली म्हंजे? सगळी पाकिटं, भावजी?

केदार : सगळीच. पालघरचे दुकानदार म्हणाले, हात धुवायची पावडर द्या, कितीही द्या. ही फरशीची नको.

सुलू : नाव तेच, नारळाच्या काथ्याचा भुसा पण तोच. मंग?

केदार : मलाही तसंच वाटलं, वहिनी. एक चालली, म्हणजे दुसरी चालणारच.

सुलू : वाटलं? तुमी तर छातीठोक सांगितलंत. म्हणून मी बोईसरची पर्मनंट नोकरी सोडली.

केदार : माहीत आहे. तुमच्याकडे बघायची लाज वाटते मला.

सुलू : मंग पयलीच्या वक्ताला कसं कळलं तुमाला?

केदार : कुठं कळलं! ती विकायला केलीच नव्हती. दादा रंगाच्या कंपनीतून यायचा, हात निळे, साबणानं निघत नसत. तुमची छोटी त्याच्या हातचा घास घेईना, म्हणून खटपट केली. त्याचे हात बघून त्याच्या पाळीतल्यांनी मागितली, मग आपल्या सरावली गावात घरोघर गेली. फरशीसाठी कोण रडलं होतं? आपल्यालाच आणखी एक वस्तू हवी होती.

सुलू : हे तवा का नाय बोललात?

केदार : जो तो विचारायचा, कसं जमवलंस? मी पण सांगत सुटलो, मला बाजार कळतो म्हणून. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं.

सुलू : अगो बाय... आदी जमुनाला फोन लावायला पायजे.

केदार : तुमच्या बोईसरच्या कंपनीत पॅकिंगला होती ती?

सुलू : तीच. आपल्याकडं कामाला येते म्हणालीय. मीच सांगितलं तिला, लोकांना काय लागतं ते आमच्या भावजींना बरोबर कळतं. उद्या राजीनामा देणार हाय.

केदार : अहो वहिनी! तिचा नवरा घरी बसलाय ना?

सुलू : म्हणून तर! लावते मी, पण बोला तुमी. माझ्याच्यानं होणार नाय.

(फोन स्पीकरवर.)

जमुना : बोल गं सुलू.

केदार : जमुनाताई, केदार बोलतोय. नोकरी सोडू नका. फरशीची पावडर कोणी घेत नाही. चूक माझी आहे. मला यातलं काही कळत नाही हो.

जमुना : आता काय! आजच देऊन आले राजीनामा. उद्या कशाला म्हटलं.

केदार : परत घेता येईल का तो? उद्या सकाळीच जाऊन विचारा.

जमुना : आवो भाऊ, एवढं काय मनाला लावून घेता? एक नाय चालली, दुसरी काडू. तुमाला कळतं त्यातलं. उद्या किती वाजता येऊ?